उंबऱ्याबाहेरचा रेडिओ

गोव्या,

तुझ्या तेराव्याला तुझी अख्खी कचेरी जेवायला आली होती. पानावर बसल्या बसल्या प्रत्येकानं तुझे गोडवे गायले. गोविंदराव म्हणजे शिस्त, गोविंदराव म्हणजे आखणी. एक जण तर म्हणाला, गोविंदरावांनी कागदावर मांडल्याशिवाय कधी पाऊल उचललं नाही. मी वाढत होतो, हातात आमटीचं भांडं होतं, म्हणून गप्प बसलो. नाहीतर सांगणार होतो, की कागदावर मांडून झाल्यावरसुद्धा या माणसानं पाऊल उचललं नाही.

आता तुला जाऊन सव्वा महिना झाला. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नका, असं माझी बायको मला रोज बजावते. पण तू हिंडता-फिरता असताना मी तुला तोंडावर भित्रा म्हणत आलो. आता तू ऐकायला नाहीस म्हणून शब्द बदलला, तर मी लबाड ठरेन. तू भित्रा होतास. जन्मभर प्रत्येक गोष्टीला तू महिने लावलेस. झटपट केलीस ती एकच, मरायची. न्यूमोनिया झाला आणि सहा दिवसांत गेलास. त्याची तेवढी योजना केली नव्हतीस.

योजना म्हटलं की मला ती वही आठवते. लाल पुठ्ठ्याची, कचेरीतल्या कागदांची तू स्वतः शिवलेली. वर वळणदार अक्षरात लिहिलंस, ‘मोटारीत रेडिओ बसविण्याची योजना’. खाली कलम एक, कलम दोन, आणि उजवीकडे शेऱ्यासाठी समास. शेरा कोण मारणार होतं रे त्यावर? दिवाणसाहेब? मी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधला फिटर. इंजिनाचा आख्खा दांडा आम्ही खडूनं जमिनीवर काढतो आणि संध्याकाळपर्यंत बसवतो. तुझी वही पाहून मला हसू आलं होतं. त्या वहीमागे काय आहे ते कळलं, तेव्हा हसू गेलं आणि तुझी कीव आली. कीव फार दिवस टिकली नाही. मग नुसता तिटकारा राहिला.

सगळं सुरू झालं ते शालूच्या पत्रावरून. तुझी एकुलती एक लेक, लग्न करून मुंबईला गेलेली. गळा तिला उपजत होता आणि बडोद्याच्या गायनशाळेतल्या मास्तरांनी तो घडवला होता. नवरा शाळामास्तर, पण भला माणूस. त्यानं तिचं गाणं बंद पाडलं नाही. मुंबईच्या रेडिओ केंद्रावर तिला पंधरा मिनिटं गायला बोलावलं होतं. खाली तिनं लिहिलं होतं, बाबा, तुम्ही ऐकलंत तर मला माझ्या घरानं ऐकलं असं वाटेल.

ते पत्र तू जेवताना आबांसमोर वाचलंस. तुझे वडील. निवृत्त रिसालदार. मिशीला अजून पीळ देणारे.

‘‘रेडिओ म्हणजे रावपुऱ्यात पानाच्या दुकानावर वाजतं ते खोकं?’’ आबांनी विचारलं.

‘‘हो आबा.’’

‘‘म्हणजे आपली शालू गाणार, आणि पान थुंकणारा कोणीही ऐकणार.’’

तू पत्राची घडी घातलीस. तुझी बायको, आमच्या वहिनी, भात वाढत राहिल्या.

‘‘तिचा नवरा आहे, तो बघून घेईल,’’ आबा म्हणाले. ‘‘पण ते खोकं या उंबऱ्याच्या आत येणार नाही.’’ आणि उठून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला आणि मी सायकल घेऊन फाटकाबाहेर पडलो, तर तू समोर उभा. छत्री बगलेत, टोपी घामानं भिजलेली आणि तोंडावर असा आनंद की जणू बढती मिळाली.

‘‘दत्तू, आबा काय म्हणाले? उंबऱ्याच्या आत येणार नाही. उंबऱ्याच्या बाहेरचं काही बोलले नाहीत.’’

मला वाटलं ऊन लागलं तुला. मग तू मोटारीचं सांगितलंस. एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्याची जुनी उघडी मोटार तू गेल्या हिवाळ्यात घेतली होतीस. ती पुढच्या अंगणात पत्र्याखाली उभी असे आणि तू ती बैलगाडीच्या बेतानं चालवायचास. मोटार अंगणात, अंगण उंबऱ्याच्या बाहेर. म्हणून रेडिओ मोटारीत. कारकून तो कारकूनच. बापाच्या हुकमातसुद्धा तू पळवाट शोधलीस.

मी तेव्हाच तुला म्हटलं, ‘‘आबांपुढे उभा राहा आणि सांग, मला माझ्या मुलीचं गाणं ऐकायचंय. एक वाक्य आहे. त्याला बॅटरी लागत नाही.’’

‘‘तुला आबा माहीत नाहीत.’’

मला आबा माहीत नाहीत! माझे वडील त्यांच्याच पथकात सवार होते. आबांच्या नुसत्या खाकरण्यानं घोडे कान टवकारायचे, हे ऐकत मी मोठा झालो. पण मी तुझ्या जागी नव्हतो. माझी मुलगी गाणार नव्हती. तुझी गाणार होती, आणि चाळिशी उलटलेला तू, सरकारी शिक्के सांभाळणारा तू, मोटारीच्या सीटखाली चोरून खोकं बसवायच्या गोष्टी करत होतास.

आणि तरी मी आलोच तुझ्याबरोबर. ते का, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

रावपुऱ्यातल्या रेडिओवाल्या शेठकडे आपण गेलो तो दिवस आठव. तू वही उघडून त्याच्या पुढ्यात ठेवलीस. त्यानं चष्मा वर केला, खाली केला.

‘‘गाडीमां रेडियो? शुं काम, भाई? घरमां मूको ने!’’

घरात का ठेवत नाही, हे तुला सांगता येईना. तू त्याला हवेशीर जागेचे फायदे समजावून सांगायला लागलास. शेठनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. शेवटी त्यानं एक जुना सेट दिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. इंजिन चालू असताना ठिणग्यांचा तडतडाट गाण्यापेक्षा मोठा येईल, म्हणून इंजिन बंद करून ऐका. आणि सूर्य मावळल्याशिवाय इथे मुंबई नीट लागायची नाही. तू दोन्ही लिहून घेतलंस, कलम अकरा आणि बारा.

मग श्रावण-भाद्रपदातल्या आपल्या संध्याकाळी. आबा देवळात गेले की आपण गाडीत. एरियलची तार तुला हुडाच्या कापडात शिवायची होती, मी म्हटलं ती गाडीच्या पायरीच्या फळीखालून घेऊ. त्यावर तू चार दिवस भांडलास. पाचव्या दिवशी माझंच केलंस आणि वहीत ते तुझं म्हणून लिहिलंस. तारा मी झाळल्या. भोकं मी गिरमिटानं पाडली. तू कंदील धरायचास, म्हणजे धरल्यासारखा करायचास, कारण तुझं सगळं लक्ष फाटकाकडे. जरा कडी वाजली की तू कंदील घेऊनच दूर व्हायचास आणि मी अंधारात हात भाजून घ्यायचो. उजव्या अंगठ्यावर अजून डाग आहे. जेवताना रोज दिसतो आणि रोज तुला शिव्या देतो.

सेट मागच्या सीटखाली गेला, लाऊडस्पीकर पुढच्या फळीमागे. सुई मुंबईवर लावून मी ती पक्की करून टाकली, म्हणजे नुसता खटका दाबायचा. खटका कुठे? तर चालवणाऱ्याच्या सीटच्या फळीखाली, पार मागे, जिथे हात उलटा वळवून घालावा लागतो. हे तुझं डोकं. कोणाला दिसू नये म्हणून. बसवणारा मी, पण मलासुद्धा दर वेळी चाचपडावं लागायचं.

एवढं झालं तरी लाऊडस्पीकर खडखडायचा. रबर लावून पाहिलं, सुतळी भरून पाहिली. एके दिवशी तू पंच्यात गुंडाळून जाड करड्या लोकरीच्या नमद्याचा चौकोनी तुकडा आणलास. हातात घेताच मला वास आला. घोड्याचा घाम, तेल, कातडं. माझ्या वडिलांच्या अंगाला यायचा तो.

‘‘गोव्या, हा आबांच्या खोगिराखालचा नमदा आहे.’’

‘‘अडगळीत होता. खालच्या बाजूनं कापलाय, दिसत नाही. आबा आता घोड्यावर बसतात का?’’

मी नमदा बसवला आणि खडखड थांबली.

एक संध्याकाळ मात्र तुझ्या नावावर जमा आहे. गोरव्याच्या रस्त्याला, शेतांच्या मध्ये, आपण गाडी उभी केली होती. सूर्य बुडाला, तू खटका दाबलास. अर्धं मिनिट काही नाही. मग घरघर, आणि त्या घरघरीतून एक माणूस गुजरातीत कापसाचे भाव सांगायला लागला. गोव्या, तू टोपी काढलीस. कापसाच्या भावापुढे टोपी काढून, डोळे मिटून बसलास, जणू आरती चाललीय. मी तुझी थट्टा केली, पण माझ्याही अंगावर काटा आला होता. तुझ्याबरोबर काढलेल्या चाळीस वर्षांत इतकं सुख मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. त्या संध्याकाळीबद्दल मी तुझा ऋणी आहे. बाकीच्याबद्दल नाही.

आता बाकीचं.

शालूच्या पत्रात इंग्रजी तारीख होती. तू ती वहीत तांबड्या शाईनं लिहिलीस आणि कचेरीच्या कॅलेंडरात पाहिलंस. दुसऱ्या दिवशी दसरा, कचेरीला सुट्टी. उत्तम, म्हणालास, आदल्या संध्याकाळी घरात सगळे दसऱ्याच्या तयारीत, आपल्याकडे कोण बघतंय! वहीतलं शेवटचं, प्रत्यक्ष ऐकण्याचं, कलम सोडून सगळी पुरी झाली, त्यांच्या शेऱ्यांवर तूच सही केलीस. पंचांग मात्र उघडलं नाहीस.

दसऱ्याचा आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. रिसालदाराच्या घरात जन्मलेला तू, ज्या घरात खंडेनवमीला तलवारी बाहेर निघतात आणि पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सीमोल्लंघनापर्यंत कोणी बोट लावत नाही, त्या घरातला तू, वीस वर्षं टाक घासून घासून खंडेनवमी विसरलास. तुमच्या कचेरीत तुम्ही दसऱ्याला दौतीला फूल वाहता आणि मोकळे होता. घोडा गेला तेव्हापासून आबांच्या पूजेत वाहन नव्हतं. या वर्षी अंगणात मोटार होती. ती ते पूजेला लावणार, हे तू सोडून कोणालाही कळलं असतं. मला कळायला हवं होतं. मलाही कळलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

सकाळी आबांनी स्वतः उभं राहून मोटार धुऊन घेतली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, दोन्ही दिव्यांना झेंडूच्या माळा. पायरीला टेकवून भाला, सीटवर तलवारी. खोगीर त्यांनी खांद्यावरून आणलं, उलटं करून झटकलं, खालून एकदा हात फिरवला आणि मडगार्डवर ठेवलं. तू ओट्यावर उभा होतास. हे तूच मला नंतर सांगितलंस. मला बोलवायला आलास तेव्हा नुसतं ‘संध्याकाळी ये’ म्हणालास.

मी संध्याकाळी आलो. साडेसहाला शालू गाणार होती. आबा अंगणात खुर्ची टाकून मोटारीकडे तोंड करून बसले होते. एरवी दिवेलागणीला संध्या उरकून देवळात जाणारा माणूस, त्या दिवशी हललाच नाही.

‘‘राखण करतायत,’’ तू कुजबुजलास.

‘‘करू देत. गाडी हलवायची नाही, एवढंच ना? खटक्याला गाडी कशाला हलवायला लागते? सीटवर बस आणि हात घाल.’’

‘‘पूजेतल्या वस्तूला हात लावू?’’

‘‘देवीपुढे ठेवलेल्या गाडीतून तुझी लेक गाईल. देवी रागावेल?’’

‘‘आबा बसलेत, दत्तू.’’

हेच. देवी नाही, पूजा नाही. आबा बसलेत. ओट्यापासून मोटार दहा पावलांवर. मी घड्याळ काढून तुझ्यापुढे धरलं. साडेसहा झाले. पावणेसात झाले. मुंबईत शालू गाऊन उठली असेल. तू खांबाला धरून उभा होतास आणि तुझ्या ओठांवर ती वही चालली होती, कलम अमुक, कलम तमुक. मला तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरं सांगतो, तितका तिटकारा मला आयुष्यात कोणाचा आला नाही.

आणि मी काय करत होतो? वहिनींनी हातात दिलेली प्रसादाची ताटली धरून उभा होतो. खटका मी बसवला होता. दहा पावलं मलाही होती. मी घरचा नाही, परका माणूस, मी कसा, असं मी मला सांगितलं. पळवाट तुझी एकट्याची नव्हती.

सात वाजता आबा उठले. खुर्ची त्यांनी स्वतः उचलली, जी त्यांनी जन्मात उचलली नव्हती, आणि आत गेले. जेवले नाहीत. तू म्हणालास, नवमीचा उपास असेल.

एवढ्यावर थांबला असतास तरी मी माफ केलं असतं. पण तू शालूला पत्र लिहिलंस. ‘गाडीत बसून ऐकले. भूप सुंदर झाला.’ भूप गाणार असं तिनं आधी कळवलं होतं, म्हणून भूप. मला तू ते पत्र दाखवलंस, अक्षर बरं आलंय का म्हणून. मी तुला तिथेच, तुझ्या ओट्यावर, भित्रा आणि लबाड म्हटलं आणि निघून आलो. त्यानंतर दीड महिना मी तुझ्या दारात पाय ठेवला नाही. बॅटरी तेवढी वहिनींकडून मागवून घेतली होती, वर्कशॉपजवळच्या दुकानात भरायला.

तू आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी ठरवलं होतं, तूच बोलावशील तर येईन. आणि तू निरोप पाठवलास. वहिनी स्वतः आल्या, डोळे सुजलेले. म्हणाल्या, ‘‘भावजी, ते म्हणतायत, दत्तूला सांग, बॅटरी उतरू देऊ नको.’’

मला राग आला. ‘चूक झाली’ नाही, ‘ये’ नाही, ‘दत्तू, मला भेट’ नाही. बॅटरी! मरायला टेकलेला माणूस आणि त्याचं कलम पंधरा! मी म्हटलं, उद्या येतो. उद्या आलो तेव्हा तू बाहेर ओट्यावर होतास, पांढऱ्या कापडात. तो एक दिवस मला कोणी भरून देणार नाही, आणि तुला तर त्याचं काहीच नाही.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर शालू माझ्याजवळ येऊन बसली. ‘‘दत्तूकाका, बाबांनी खरंच ऐकलं होतं का?’’

‘‘ऐकलं ना,’’ मी म्हटलं. तोंडातून आपोआप आलं. तुझ्याच पंगतीतला मी.

‘‘त्यांनी लिहिलं होतं, भूप सुंदर झाला,’’ ती म्हणाली. ‘‘काका, मी भूप गायलेच नाही. मास्तरांनी ऐन वेळी बदलायला सांगितलं. मी यमन गायले.’’

दोन महिने तिनं हे पोटात ठेवलं होतं. तुला एका अक्षरानं विचारलं नव्हतं. मग मी सगळं सांगून टाकलं. वही, नमदा, खंडेनवमी, दहा पावलं. ती रडली नाही. नुसतं विचारलं, ‘‘गाडी अंगणातच होती, तर मग लावला का नाही?’’ याचं उत्तर तू मला दिलं नाहीस, मी तिला काय देणार?

पुढच्या महिन्यात तिचं पुन्हा गाणं ठरलेलं होतं. ती म्हणाली, नाही म्हणून कळवते. झोपाळ्यावर आबा पाठ करून बसले होते. तसेच पाठमोरे बोलले, ‘‘कबूल केलंयस ना? मग जायचं.’’ बाकी काही नाही.

ते गाणं परवा होतं.

मी ठरवलं, वहिनींना गाडीत घालून गोरव्याच्या रस्त्याला न्यायचं. आबा विचारतील तर देवदर्शनाचं सांगायचं. हसू नको, मी चक्क कागदावर लिहून काढलं होतं. बॅटरी सायकलच्या कॅरियरवर बांधून आणली, जोडली. वहिनी शाल पांघरून मागे बसल्या. मी स्टिअरिंगकडे वळतो तोच आबा बाहेर आले. डोक्याला पागोटं, हातात काठी. सरळ आले आणि चालवणाऱ्याच्या जागेवर जाऊन बसले.

‘‘आबा, ती जागा चालवणाऱ्याची...’’

‘‘गाडी कुठं न्यायचीय तुला?’’

मी उत्तर द्यायच्या आत ते वाकले. हात उलटा वळवून फळीखाली घातला, पार मागे, आणि खटका वाजला. चाचपडले नाहीत, गोव्या. एकदाही नाही.

मी पायरीवर बसलो. रेडिओचे व्हॉल्व्ह तापत होते, नुसती शांतता होती, आणि त्या शांततेत आबा समोर बघत बोलत होते.

‘‘कात्री बोथट होती त्याची. नमद्याची कड सगळी कुरतडलेली. खंडेनवमीला सकाळी खोगीर उलटं केलं आणि बोटाला लागलं. दुपारी तुम्ही कोणी नव्हतात. वासावर आलो गाडीपर्यंत. सगळं पाहिलं. काम चांगलं होतं.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘मी म्हणायचं? ये आणि लाव म्हणून?’’ आबांचा आवाज चढला. ‘‘खुर्ची टाकून बसलो होतो ना! संध्या सोडून बसलो होतो. बापानं आणखी काय करायचं असतं?’’

ऐकतोयस ना? तीन पुरुष एका अंगणात. एक खांबाला धरून, एक ताटली धरून, एक खुर्ची धरून. तिघांनाही एकच गोष्ट हवी होती आणि तिघेही गप्प. मिशीला पीळ देणाऱ्या त्या माणसाचा मला जन्मभर धाक वाटला. परवा पहिल्यांदा त्याच्याबद्दलही तुझ्याइतकाच तिटकारा वाटला. मग मी त्याच्या हाताकडे पाहिलं. तो अजून फळीखाली खटक्यावर होता. बाहेर काढला तर रेडिओ बंद पडेल असं वाटत असावं.

घरघर आली. निवेदकानं शालूचं नाव घेतलं आणि म्हणाला, राग भूप.

तिनं मुद्दाम घेतला होता. तुझ्या त्या खोट्या ओळीसाठी. मी तोंडात पंचा धरला. वहिनी मागे हमसून रडत होत्या आणि आबा पागोट्यासकट मान डोलावत होते. फाटकाबाहेर दोन-तीन माणसं थांबली, त्यातला एक पान चघळत होता. आबांनी त्याला पाहिलं आणि काठीनं खूण केली, आत ये, नीट ऐक.

गाणं संपल्यावर त्यांनी मलाच पत्र लिहायला बसवलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. ‘भूप सुंदर झाला.’ मग थांबले. ‘‘आणि लिही, अंतऱ्याला घाई केलीस. एक सूर हलला.’’

मी म्हटलं, ‘‘कशाला आबा? तिला वाईट वाटेल.’’

‘‘लिही,’’ ते म्हणाले. ‘‘नाहीतर तिला खरं कसं वाटेल?’’

लिहिलं. त्यांनी खाली सही केली. कालच्या टपालानं पत्र गेलं.

तुझी लाल वही मी घरी आणली आहे. शेवटच्या कलमापुढचा शेरा कोराच आहे. तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण तुझ्या निरोपाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते देतो.

बॅटरी उतरू दिलेली नाही, गोव्या.